पेठ रुंद झाली ती पाच वर्षं

मी नगरसेविका झाले ती एका चिठ्ठीमुळे. नव्वदच्या दशकात बायकांसाठी राखीव जागा आल्या आणि कुठले वॉर्ड राखीव ठेवायचे याच्या चिठ्ठ्या नगरपालिकेच्या हॉलमध्ये काढल्या गेल्या. त्यात आमच्या पेठेचा वॉर्ड निघाला. तिथून उभं राहायची तयारी एका गृहस्थांनी दोन वर्षं केली होती. गणपतीला वर्गणी, लग्नाला हजेरी, मयताला खांदा, काही म्हणून बाकी ठेवलं नव्हतं. फक्त स्वतःचं लग्न केलं नव्हतं. बायको असती तर तिला उभी केली असती. चिठ्ठी ऐकून ते आमच्या दुकानात येऊन बसले आणि अर्धा तास नुसते पंख्याकडे बघत राहिले.

गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं की वाचणारे माणसं ओळखायला बसतात. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या हद्दीवरचं एक बाजारपेठेचं गाव समजा. पश्चिमेच्या डोंगरातून, तळेघर-आहुप्याकडून माणसं बाजाराला उतरायची आणि पूर्वेकडून आणे पठारावरची यायची. माझं माहेर पठारावरचंच. वडिलांचं तिथे किराणा दुकान. लग्न होऊन मी खाली आले ती पेठेच्या मधोमध, कापडाच्या दुकानात. सासरच्यांचे पणजोबा राजस्थानातून आलेले, पण ते सगळं घरातल्या फोटोपुरतं. आम्ही घरात मारवाडी बोलायचो आणि भांडायची वेळ आली की मराठीत. मराठीतले शब्द जास्त लागतात.

तर ते गृहस्थ पंख्याकडे बघत असताना पेठेतली आणखी चार माणसं जमली. माझं नाव कुणी काढलं ते मला आजतागायत कळलेलं नाही. मी आतून चहाचा ट्रे घेऊन आले तेव्हा सगळे एकदम गप्प झाले आणि माझ्याकडे बघायला लागले, एवढंच आठवतं. बारावी झालेली आहे, घराचं कुणाशी वैर नाही, असं काहीतरी बोलणं झालं होतं म्हणे.

माझ्या सासऱ्यांना आम्ही बाबूजी म्हणायचो. त्यांनी विचारलं, "पण तिनं करायचं काय असतं?"

"काही नाही शेठ. सही करायची, चहा प्यायचा, घरी यायचं."

"चहा आमच्या घरचाच बरा असतो," बाबूजी म्हणाले. तरी परवानगी दिली.

मी निवडून आले. पहिल्या तीन सभांना माझे यजमान शेजारी येऊन बसले. मी तोंड उघडायच्या आत हेच बोलायचे. चौथ्या सभेच्या दिवशी दुकानात एका मोठ्या लग्नाचा बस्ता होता. पंधरा-वीस माणसं लुगडी-धोतरं बघत बसली होती, त्यामुळे ह्यांना हलता येईना. मी एकटी गेले. तरी मागच्या बोळातल्या तुंबलेल्या गटाराचं मी बोलले आणि ते गटार आठवड्यात साफ झालं. घरी येऊन ह्यांना सांगितलं, "यापुढे तुम्ही बस्ते सांभाळा, सभा मी बघते." ह्यांना सुटल्यासारखं झालं असावं. तिथला चहा खरंच वाईट असायचा.

पेठ तेव्हा अरुंद होती. समोरच्या दुकानातला माणूस शिंकला तर आमच्यातलं कुणीतरी "जय जिनेंद्र" म्हणायचं, इतकी. दुकानाला तीन दगडी पायऱ्या होत्या आणि बाजारच्या दिवशी त्या आमच्या नसायच्या. डोंगरातल्या बायका पहाटेच्या गाडीने यायच्या आणि पायऱ्यांवर आपापली फडकी पसरायच्या. हिरडा, नाचणी, हातसडीचा तांदूळ, पावसाळ्यात रानभाज्या, मे महिन्यात करवंदं. मधली पायरी तळेघरच्या मावशीची. तळेघर हे तिचं सांगायचं गाव. खरं घर तिथूनही तासाभराच्या चालीवर, वर. तिची लेक आमच्या गावाजवळ दिलेली होती, म्हणून जवळचा बाजार सोडून ती दोन गाड्या बदलून इथवर यायची.

माझी तिची ओळख कशी झाली ते सांगते. माझं नवं लग्न झालेलं. बाजारच्या दिवशी दुपारी ती दारात येऊन उभी राहिली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "शेठाणी, मागं जायचं व्हतं."

मला वाटलं, हिला गोडाऊनमधला माल बघायचाय. मी म्हटलं, "मागे नवीन काही नाही, सगळा माल पुढेच आहे."

ती लाजून हसली. "आवो, माल न्हाई. मागं."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी तिला आत नेलं. मागच्या अंगणात आमचा संडास होता आणि तिथे जायची वाट एकच, दुकानातून, बाबूजींच्या गादीला लागून. गादी म्हणजे पांढरीशुभ्र चादर अंथरलेली मोठी बैठक. तिच्यावर मांडी घालून ते गिऱ्हाइकाला कापड दाखवायचे, मोजायचे, टर्रकन फाडायचे. मावशी पाय धुऊन परत निघाली आणि गादीच्या कडेला तिच्या ओल्या पावलाचा अर्धा ठसा उमटला. बाबूजींनी ठशाकडे बघितलं, मग माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी चादर माझ्यासमोर धुवायला टाकली.

पुढच्या बाजारी मावशीबरोबर आणखी दोघी आल्या. मग चार-पाच जणींचा नेमच झाला. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी चादर धुवायची हाही नेम झाला.

एकदा मी मावशीला विचारलं, "बाकीच्या बायका काय करतात गं? बाजाराला दोनशे-तीनशे जणी तरी असतील."

"पानी पीत न्हाई आमी बाजारच्या दिशी," ती म्हणाली. "निगताना बी न्हाई आन् हितं बी न्हाई. घरी गेल्यावं प्यायचं."

"मे महिन्यातसुद्धा?"

"म्हैना कंचा बी आसू द्या."

ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती. करवंदं निवडत होती, त्याच सुरात सांगितलं.

माझ्या नगरसेवकपणाला दीडेक वर्ष झालं असेल, तेव्हा निधी आला. लहान शहरांच्या सुधारणेसाठी वरून पैसा मिळणार होता आणि आमच्या गावाचा नंबर लागला होता. सभेत पेढे वाटले गेले. नगराध्यक्ष उभे राहून म्हणाले, "आपली पेठ पुण्याच्या लक्ष्मी रोडसारखी होणार." सगळ्यांनी बाकं वाजवली. पैसा ठरल्या मुदतीत खर्च झाला नाही तर परत जातो, असंही त्यांनी सांगितलं आणि बाकं आणखी जोरात वाजली.

टेबलावर मोठा नकाशा पसरला होता. त्याची टोकं गुंडाळली जात होती म्हणून चार कोपऱ्यांवर चहाचे चार कप ठेवले होते. काँक्रीटचा रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना बंद गटारं, फरसबंदी, शोभेचे दिवे आणि जुन्या मंडईच्या जागी दोन मजली व्यापारी संकुल. नगरपालिकेच्या बांधकामाचे ओव्हरसियर काडीने एकेक दाखवत होते. मी कापडाच्या घरातली बाई. रेघ दिसली की कात्री कुठून चालणार तेच आधी बघते. रस्त्याच्या कडेची तांबडी रेघ मी मारुतीच्या देवळापासून धरली. औषधाचं दुकान, बांगड्यांचं दुकान, मग आमचं. रेघ आमच्या दुकानात शिरली होती, तिन्ही पायऱ्या मागे टाकून. नीट बघितलं तर ती बाबूजींच्या गादीवरूनच गेली होती. आठ फूट.

खरं सांगायचं तर रस्ता रुंद व्हायला हवा हे मलाही पटत होतं. आदल्याच वर्षी पेठेत एका घराला आग लागली तेव्हा बंब वळणावरच अडकला होता आणि लोकांनी बादल्यांनी आग विझवली होती. त्यामुळे रेघेबद्दल मी बोलले नाही. नकाशा या टोकापासून त्या टोकापर्यंत पुन्हा बघितला आणि विचारलं, "यात बायकांची मुतारी कुठे आहे?"

हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. ओव्हरसियर खाली वाकून नकाशात शोधायला लागले, जणू ती मघाशी तिथेच होती आणि आता कपाखाली सरकली असावी. एक कप उचलून बघितलासुद्धा.

"तशी नाहीये दिसत," ते म्हणाले.

नगराध्यक्ष माणूस वाईट नव्हते, फक्त घाईत असायचे. म्हणाले, "ताई, सूचना चांगली आहे. तुम्ही जागा दाखवा, आपण बांधून टाकू." आणि ठराव मतदानाला टाकला. मी हात वर केला. गादीवरच्या रेघेच्या बाजूने मत देऊन मी घरी निघाले.

घर दीडशे पावलांवर. पण बातमी माझ्याआधी पोचली होती. बाबूजी गादीवर बसून होते, समोर कापड नाही, गिऱ्हाईक नाही. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मी समोर वाढत असताना ह्यांना सांगायचे, "तिला सांग, भाजीत मीठ जास्त झालंय." हे माझ्याकडे बघून सांगायचे, "मीठ जास्त झालंय म्हणे." मी म्हणायचे, "त्यांना सांगा, ऐकलं."

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबूजी कापड मोजायचा लोखंडी मीटर घेऊन रस्त्यावर उतरले. धोतराचा सोगा खोचला आणि देवळापासून मोजायला सुरुवात केली. अख्खी पेठ दुकानं सोडून बघायला आली. मधेच त्यांनी ओव्हरसियरना बोलावून घेतलं आणि दाखवून दिलं की आमच्यासमोर आठ नाही, साडेसात फूटच जागा लागते. ओव्हरसियरनी टेप लावला, पुन्हा लावला आणि मान्य केलं. वाचलेल्या त्या सहा इंचांचा आनंद बाबूजींना महिनाभर पुरला. माझ्याशी बोलणंही त्याच दुपारी सुरू झालं.

"त्या मीटरनं चाळीस वर्षांत गिऱ्हाइकाला कधी कमी दिलं नाही," ते म्हणाले, "सरकारला बरं जास्त देईन."

इकडे मी जागा शोधत फिरत होते. मुतारी हवी हे सगळ्यांना पटायचं. आपल्या शेजारी नको हेही सगळ्यांना पटायचं. औषधवाले म्हणाले, "वहिनी, आमच्याकडे आधीच आजारी माणसं येतात." देवळाच्या ट्रस्टींनी मला प्रसाद दिला आणि विषय बदलला. संकुलात विचारलं तर ठेकेदार म्हणाला, दर्शनी भागात शोभा जाईल, मागच्या भागात जिना आहे, वर पाणी चढणार नाही. बांगडीवाले कासार तेवढे मनापासून बोलले. त्यांचं दुकानच सात फुटांचं, ते सगळंच रस्त्यात जाणार होतं. बदल्यात संकुलात गाळा मिळणार होता. "माझ्याकडे जागा असती तर दिली असती वहिनी," ते म्हणाले. "गिऱ्हाईक सगळं बायकांचंच. तासतास बसतात आणि मग एकदम उठून जातात. का जातात ते मला बायकोनं सांगितलं." मला त्यांचा फार आधार वाटला, पण जागा काही मिळाली नाही. ओव्हरसियर भेटले की विचारायचे, "ताई, जागा?" आणि मी म्हणायचे, "बघते."

मग तोडफोड सुरू झाली. ज्याने त्याने आपापली दर्शनी बाजू आपणच उतरवली, निदान लाकूड तरी वाचावं म्हणून. आमच्या पायऱ्या काढायला मात्र जेसीबी आला. मी वरच्या खिडकीतून बघत होते. तिन्ही दगड एकामागून एक निघाले आणि ट्रॅक्टरमध्ये पडले. बाबूजी त्या वेळी मुद्दाम स्थानकात, म्हणजे आमच्या जैनांच्या प्रार्थनेच्या जागी, जाऊन बसले होते. परत आल्यावर त्यांनी उरलेल्या जागेत एक स्टूल ठेवलं आणि त्यावर बसून बघितलं. गादीइतकी मांडी काही जमेना.

खणताना रस्त्याखालचं जुनं गटार फुटलं. आमच्या मागच्या अंगणातलं सगळं सांडपाणी त्याच गटाराला जोडलेलं. ठेकेदार म्हणाला, "आठ दिवस वापरू नका." त्या आठाचे वीस झाले. घरातल्या आम्ही बायका बोळातल्या शेजाऱ्यांकडे जायला लागलो, हे एका मित्राकडे. बाबूजींना दुसऱ्याच्या घरी जायचा संकोच. सत्तरीला आलेला माणूस, गुडघा दुखरा, पण पहाटे उठून नदीवर जायला लागले. पांढरं धोतर, मफलर आणि शालीखाली लपवलेलं टमरेल. वाटेत कुणी ना कुणी भेटायचंच.

"जय जिनेंद्र शेठ! आज फिरायला?"

"हो. डॉक्टरनी सांगितलंय."

आठवडाभरात गावातल्या आणखी दोन शेठना त्यांच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं. तिघं नदीच्या वाटेवर एकमेकांना दिसले की तब्येतीची चौकशी करायचे आणि वेगवेगळ्या दिशांना वळायचे.

त्याच दिवसांत बाजार आला. मावशी डोक्यावर पाटी घेऊन आली आणि आमच्या दारासमोर मुरमाच्या ढिगाशी उभी राहिली. पायरी शोधत होती. मग हसली आणि ढिगावरच फडकं पसरलं. दुपारी दारात आली. मी आत होते. बाबूजीच पुढे स्टुलावर बसलेले.

"शेठ, मागं जाऊ का?"

"आमचंच बंद आहे मावशी. गटार फुटलंय."

"आगं बया! मंग तुमी कुटं जाता?"

बाबूजींचं तोंड लाल झालं. आयुष्यात त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. तेही भर पेठेत.

"नदीवर," ते पुटपुटले.

मावशीने त्यांच्या गुडघ्याकडे बघितलं. थट्टा नव्हती तिच्या चेहऱ्यावर, काळजीच होती. "पानी कमी प्या शेठ," ती म्हणाली. "चार दिस जीव घाबरा व्हतो, मंग सवं व्हती."

एवढं बोलून ती आपल्या पाटीशी जाऊन बसली. मी आतल्या दारात उभी राहून सगळं ऐकत होते. हसू आवरत नव्हतं. पण बाबूजींकडे बघितलं आणि आपोआप आवरलं.

संध्याकाळी जेवताना त्यांनी मला विचारलं, मधे ह्यांना न घेता. "ती तळेघरची बाई घरून किती वाजता निघते?"

"चारला."

"आणि परत पोचते कधी?"

"शेवटची गाडी मिळाली तर आठला. वर तासभर चाल."

त्यांनी पुढचा घास घेतला. भाजीत मीठ खरंच जास्त झालं होतं त्या दिवशी, पण ते बोलले नाहीत. हात धुऊन आले आणि म्हणाले, "गोडाऊनचा मागचा कोपरा बोळाला लागून आहे. फाटकी बारदानं पडलीत तिथे नुसती. तुझ्या त्या ओव्हरसियरला सांग, मोजून घे."

मी म्हटलं, "बाबूजी, पुढची जागा गेली, आता मागचीही..."

"ती घेतली. ही देतोय," ते म्हणाले. "आणि मोजताना मला बोलाव. त्याचा टेप चुकतो."

त्यांच्या अटी होत्या. दार बोळाकडे हवं, दुकानाकडे नको. दिवसातून दोनदा धुतली पाहिजे. आणि पाटी लावायची नाही. आमच्या समाजात कुणी काही दिलं की संगमरवरी पाटी लागतेच. पाणपोईवर, धर्मशाळेवर, बाकावर, अगदी स्थानकातल्या पंख्याच्या पात्यांवरसुद्धा नावं असतात. "आजोबांचं नाव पाणपोईवर आहे," बाबूजी म्हणाले. "माझं इथे नको. येणारे-जाणारे दोघंही वाचतील आणि हसतील."

जागा दाखवली म्हटल्यावर नगराध्यक्षांना शब्द पाळणं भाग होतं, आणि त्यांनी तो पाळला. शोभेच्या दिव्यांचे काही खांब कमी केले आणि त्यात काम बसवलं. पाच कप्पे, पांढऱ्या टाइल्स, बाहेर हात धुवायचा नळ, वर टाकी. कमी झालेल्या खांबांवरून एक सदस्य सभेत म्हणाले, "ताईंनी गावाचा उजेड घालवला." मी म्हटलं, "बोळात एक दिवा जास्त लावलाय, मोजून बघा."

सगळं काम पुरं झालं तेव्हा उद्घाटनाला बाहेरून मोठे पाहुणे आले. संकुलाची फीत कापली, रस्त्याची कापली, दिव्यांचं बटण दाबलं. पत्रिकेत बोळाचा उल्लेखही नव्हता. मी नगराध्यक्षांना विचारलं तेव्हा ते अजिजीने म्हणाले, "ताई, पाहुण्यांना तिथे उभं करून फोटो कसा काढायचा?" मलाही ते पटलं. म्हणून उद्घाटन पुढच्या बाजारच्या दिवशी आपोआप झालं. मी मावशीला बोळात घेऊन गेले. ती दारात थबकली, टाइल्सकडे बघत राहिली.

"लई शोभिवंत केलंय," ती म्हणाली. "पायताण भायेर काडायचं का?"

"नको गं, घालूनच जा."

ती आत गेली. बाहेर आली, नळाखाली हात धुतले, तोंड धुतलं, मग ओंजळ भरून पाणी प्यायली. तिथेच, उभ्या उभ्या, दोन ओंजळी. दुपारी एक-दीडची वेळ असेल. मी बोळाच्या भिंतीला टेकून उभी होते आणि मला रडू आलं. ती म्हणाली, "काय झालं वो शेठाणी?" मी म्हटलं, डोळ्यात सिमेंट गेलं. बोळात सिमेंट होतंच पुष्कळ.

सगळं सरळ झालं असं नाही. तिसऱ्या आठवड्यात टाकी कोरडी. पाणी सोडणारा माणूस म्हणाला, बोळाच्या व्हॉल्व्हचं मला कुणी सांगितलंच नाही. मी पठारावरची. तिकडे उन्हाळ्यात हंडा-हंडा पाणी मोजून वापरलेलं, त्यामुळे टाकीत किती पाणी हवं आणि ते किती वेळात भरतं याचा हिशोब मला कुणी शिकवायची गरज नव्हती. दोन महिने मी रोज सकाळी स्वतः जाऊन टाकीवर हात मारून बघायचे. भरलेली टाकी आणि रिकामी टाकी वेगवेगळी वाजते. पुढे साफसफाईला एक बाई नेमली गेली. तिने पहिल्याच दिवशी मला सांगितलं, "आता तुम्ही येऊ नका, माझ्यावर भरवसा ठेवा." तिने काम इतकं चोख ठेवलं की औषधवालेसुद्धा आपल्या गिऱ्हाइकांना तिकडची वाट दाखवायला लागले.

संकुलाचं मात्र फसलं. खालचे गाळे गेले. भाजीवाल्या आणि डोंगरातल्या बायकांना वरचा मजला दिला होता. डोक्यावर पाटी घेऊन जिना चढायचा आणि गिऱ्हाइकाने पावशेर मिरचीसाठी वर यायचं, हे कुणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे. महिन्याभरात सगळ्या जणी पुन्हा रस्त्यावर आल्या. नव्या फरसबंदीवर बसल्या. त्यांना उठवायला माणसं यायची, त्या उठायच्या, माणसं गेली की बसायच्या. शेवटी मी ठराव मांडला की बाजारच्या दिवशी अर्ध्या पेठेत गाड्या बंद ठेवाव्यात. तीन सभा भांडले, मराठीतच, आणि तो मंजूर झाला. रुंद रस्त्याचा खरा उपयोग मग दिसला. मधून माणसं, दोन्ही कडांना पाट्या, धक्का न लागता.

बाबूजींच्या दुकानात गादी परत आली नाही. काचेचं काउंटर आलं, मागे रॅक, ट्यूबलाइटी. गिऱ्हाईक उभ्याने यायचं आणि उभ्याने जायचं. जीपगाड्या थेट दारात थांबायला लागल्यामुळे धंदा वाढला, हे बाबूजींना मान्य करावं लागायचं आणि ते आवडायचं नाही. "कापड विकलं जातं," ते म्हणायचे, "पण बोलणं होत नाही." मग त्यांनी फायबरची खुर्ची फरसबंदीवर टाकली आणि दिवसाचे चार तास तिथे बसायला लागले. हळूहळू शेजारी दुसरी खुर्ची आली, तिसरी आली. नदीवाले ते दोन शेठही त्यात होते.

पाच वर्षं संपली. वॉर्ड खुला झाला. मी पुन्हा उभी राहिले, या वेळी कुणी न सांगता. पडले. चांगलीच पडले. निवडून आले ते लग्न न केलेले गृहस्थ, आणि त्यांचंही बरोबर होतं, त्यांनी तेवढी वर्षं वाट बघितली होती. निकालानंतरच्या बाजारी मावशी दारात आली. तिला कुणीतरी सांगितलं होतं.

"आवो, मला सांगायचं न्हाई का?" ती रागावून म्हणाली. "आमी पन्नास जनी येऊन शिक्के मारलं असतं!"

"मावशी, तुमची मतं तळेघरला."

तिने विचार केला. "आसं व्हय," ती म्हणाली आणि नाचणीचं एक पुडकं माझ्या हातात ठेवलं. पैसे घेतले नाहीत.

चार-सहा महिने मला दुपारी काय करावं कळत नव्हतं. सभेची वेळ झाली की हात आपोआप पर्सकडे जायचा. एक दिवस बांगडीवाल्या कासारांकडे संकुलात गेले होते, तेव्हा वरच्या रिकाम्या मजल्याचा विषय निघाला. कबुतरांनी कब्जा केला होता. ते म्हणाले, "वहिनी, वरच्या गाळ्यांचा लिलाव आहे म्हणे पुढच्या आठवड्यात, पण घेणार कोण?"

मी एक गाळा घेतला. माझ्याशिवाय कुणी बोली लावायला आलंच नव्हतं. अधिकारी जागेवर सही करून मोकळे झाले, चहासुद्धा विचारला नाही. कबुतरं हाकलली, जमीन तीनदा धुतली, चार शिलाई मशीन मांडल्या आणि ब्लाउज शिवायचा क्लास काढला. बाबूजी पहिल्या दिवशी जिना चढून वर आले, अर्ध्यात दोनदा थांबून. कापडाचे तुकडे आणले होते पिशवीभर, शिकणाऱ्यांना कात्री चालवायला. पहिल्या महिन्यात तीन जणी आल्या, त्यातली एक कासारांची सून. दिवाळीपर्यंत अकरा झाल्या. मशीनचा आवाज खाली जायला लागला तेव्हा शेजारचा गाळा एका टायपिंगवाल्यांनी घेतला, त्याच्या पलीकडचा झेरॉक्सवाल्याने. त्यातले टायपिंगवाले एकदा मला म्हणाले, "ताई, वरच्या मजल्यावर लोक चढतात हे तुम्ही आधी सांगितलं असतं तर मी कधीच आलो असतो."

मी म्हटलं, "मलाही कुठे माहीत होतं?" आणि मशीनमध्ये दोरा ओवला.